ढोलाआधी पाठ

८ जून, रवि.
नदीकाठी पथकाचा सराव सुरू झाला. वर्षभर ज्याची वाट पाहतो तो दिवस. ढोल कमरेला बांधला, जरा वाजवला आणि कमरेतून जी कळ गेली ती थेट डाव्या टाचेपर्यंत. बसलो तो उठता येईना. समीरने (पार्सलं वाटायला आम्ही एकाच गोडाऊनला, ढोलालाही शेजारी) रिक्षात घालून विश्रांतवाडीला आणलं. बायको, कविता, दारातच, "आठवडाभर गाडीवर वाकून बसता, रविवारी ढोल. पाठ काय आंदणात भेटली जी तुम्हाले?" मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला कळू दिलं नाही. कळलंच.

११ जून
डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, फिजिओ करा. केळकर मॅडम. साठीच्या असतील. तपासून झाल्यावर मला खाली नेलं; समीरने माझ्याच गाडीवर मागे बसवून आणलं होतं. "गाडीवर बसा. रोज बसता तसे."
बसलो. पाठीवर समीरची पार्सलांनी भरलेली बॅग, मागच्या खिशात जाड पाकीट, हँडल लांब.
"वा. प्रश्नचिन्ह छान काढता."
बॅग कॅरिअरवर. पाकीट पुढच्या खिशात. हँडल उंच करून घ्या. अधूनमधून गाडीवरून उतरून चाला. सध्या सुट्टी.
ढोलाचं विचारलं. "आधी स्वतःच्या चपला वाकून घाला. मग बोलू."

२२ जून, रवि.
सुट्टी खायला उठते. अमरावतीहून आईचा फोन, परत ये म्हणते. सकाळ-संध्याकाळ पालथं पडून छाती उचलतो. कळ आता गुडघ्यापर्यंतच येते. कविता म्हणाली, गाडी नुसती उभी आहे तर मी शिकते. शिकवायला मी फुटपाथवर खुर्ची टाकून. क्लच सोडला की गाडी उडी मारते, ही हसते. कितीतरी दिवसांनी एवढं हसलो. हसताना पाठ दुखली नाही, हे नंतर लक्षात आलं.

३० जून
कामावर. उंच हँडल, पाठ सरळ. येरवड्याच्या त्या रोजच्या रस्त्यावर एवढी पिंपळाची झाडं आहेत? पोपटही आहेत. इतकी वर्षं बहुतेक फक्त स्पीडोमीटर बघत होतो.

९ जुलै
पार्सलं निघेपर्यंत गोडाऊनबाहेर भिंतीला पाठ लावून व्यायाम करत होतो. समीर म्हणाला, मलाही दाखव, माझी पण गेलीये. मग कळलं, सगळ्यांचीच गेलीये, कोणी बोलत नव्हतं. आज सगळे रांगेत, भिंतीला टेकून. चहावाले काका, "ओळखपरेड का रे? फिर्यादी कुठंय?" सुपरवायझर बाहेर आला. वाटलं, आता ओरडणार. तोही टेकला.

१८ जुलै
मॅडमकडे. चपला घातल्या. पाण्याची बादली उचलली.
"गुडघ्यातून. हं. कमरेला बाकीची कामं आहेत."
ढोलाचं विचारणार, तोवर त्याच म्हणाल्या, "सराव किती वाजता असतो आपला? ढोल बांधतात कसा ते एकदा बघू दे."

२० जुलै, रवि.
आल्या. स्कूटरवरून, कापूस बरोबर घेऊन. कानात बोळे घालून खुर्चीवर बसल्या. ढोल पोटाला घट्ट, दोरी वर, मध्ये जाड पट्टा. दोनदा सोडून बांधायला लावला. मग मान हलवली.
वाजवलं. एक अख्खं आवर्तन. समीर शेजारून ओरडत होता, काय ते ऐकू आलं नाही. कविता रडत होती, या वेळी सगळ्यांसमोर.
पथकप्रमुखांनी विचारलं, मिरवणुकीत नाव घालू का? तिथे तासन् तास उभं राहायचं. मी मॅडमकडे बघितलं.
"उद्या सकाळी अंथरुणातून कसे उठता ते कळवा. मग बघू." आणि जाता जाता, "वाजवता मात्र बरं."
येताना गाडी कविताने चालवली. मी मागे, माझे हात थांबत नव्हते. पुलावर म्हणाली, "माझ्या खांद्यावर नका वाजवू जी, गाडी हलते."