मापाच्या वहीची मागची पानं

३ नोव्हेंबर, सोमवार
समन्स आलं! माझ्या नावाचं. जीनत तनवीर, धंदा शिलाई. 'सरकार विरुद्ध मंजुळाबाई' — साक्षीदार क्रमांक दोन मी. सतरा तारखेला कोर्टात.

मापाच्या वहीत मागून लिहितेय. पुढून बायकांची मापं, मागून माझं डोकं. दुकानातली वही कोण उलटी करून बघतो? तनवीरला मराठी वाचायचा कंटाळा, आणि जैनबला आईचं अक्षर लागत नाही.

मंजुळाबाई धुणीभांडी करायची. मालकिणीच्या पाटल्या चोरल्या म्हणून पकडली, एवढं ऐकून होते. दोन वर्षं होत आली. त्या कागदावर माझी सही असेल हे स्वप्नातही नव्हतं! त्या संध्याकाळी हवालदार दुकानात आला होता — "एका बाईच्या घराची झडती झाली, बाई पंच लागते. तुम्ही यायची गरज नाही, इथं सही करा." मशीनवरचा पाय न थांबवता केली सही. वाचलंसुद्धा नाही. आमच्या गल्लीत असंच चालतं. चहावाल्या गिरधरभाऊंनीही केली.

४ नोव्हेंबर
एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार
हवालदार आला. कागद वाचून दाखवला. सकाळी साडेअकरा वाजता, माझ्यासमक्ष, मंजुळाबाईने आपल्या घरात ज्वारीच्या डब्यातून पाटल्या काढून दिल्या म्हणे. मी तिचं घर पाहिलेलंही नाही! "एवढंच पाठ करा, ताई. गिरधर नीट बोलून आला. तुम्ही फिरलात तर होस्टाईल व्हाल." जाता जाता दुकानाच्या पायरीकडे बघून म्हणाला, "ही रस्त्यात येते ना?"



७ नोव्हेंबर, शुक्रवार
जैनबने फोनवर शब्द शोधून दिला. होस्टाईल — शत्रुत्व बाळगणारा. कोर्टात, सरकारच्या कागदावर, माझ्या नावापुढे! आमच्यासारख्यांच्या नावाला तो शब्द एकदा लागला की पुसणार कोण?

तनवीर फैजपूरहून केळीची गाडी भरून आला. शर्टावर चिकाचे डाग. म्हणाला, "जो लिखा है वही बोल दे. अपने को यहीं रहना है." त्याचंही खरं आहे. मी घाबरट आहे, लहानपणापासून.

१० नोव्हेंबर, सोमवार
मंजुळाबाई दुकानात! मला वाटलं, आता भांडणार. तर — "माय, मना ब्लाउज शिवेल शे का?"

हिरवा, जरीकाठाचा. पोरीच्या लग्नात घालायला माप देऊन गेली आणि त्याच दुपारी पकडली. लग्न होऊन गेलं, ब्लाउज अजून खुंटीला. घालून बघितला, तर खांद्यावरून ओघळला. पुन्हा माप घेतलं. छाती छत्तीस होती, आज बत्तीस.

ती साक्रीकडची, हळू बोलते. "वकीलबाईनी सांगं, तुनी सही शे. खरं शे का?" मी मान खाली घालून टाके उसवत बसले. "माले आते कोनी घरमां घेत नही," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर याच वहीतलं जुनं माप काढलं. १४ डिसेंबर २०२३. मी तारखेखाली वेळही घालते, बायका नंतर उशिरावरून भांडतात म्हणून. मंजुळाबाई — सकाळी साडेअकरा. या अल्ला! तेव्हा ती इथं उभी होती, हात वर करून, माझ्यापुढे.

११ नोव्हेंबर
ते पान कापायला घेतलं. पानच नसेल तर काही आठवायला नको. दोन बोटं कात्री गेली आणि थांबले. का, ठाऊक नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मंजुळाबाईच्या वकील ज्योत्स्नाताईंकडे गेले, चोरासारखी. "काय बोलायचं ते मी सांगणार नाही," त्या आधीच म्हणाल्या. मी फक्त शब्दाचा अर्थ विचारला.

"कोर्टात होस्टाईल म्हणजे शत्रू नव्हे हो. ज्यांनी बोलावलं त्यांच्या सोयीचं न बोलणारा साक्षीदार. मग त्यांनाच तुमची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळते. आणि तरीही तुम्ही बोललेलं सगळं वाया जात नाही. कोर्टाला पटेल तेवढं ते घेतं."

"मग मला काही होणार नाही?"

त्या म्हणाल्या, "न वाचता सही केलीत. ते विचारणारच. काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही."

अर्थ कळला तरी भीती तेवढीच!

१७ नोव्हेंबर, सोमवार
"मी गेलेच नव्हते." माझाच आवाज ओळखू येईना. सरकारी वकील उठले — साक्षीदार होस्टाईल जाहीर करा. जज मॅडमनी परवानगी दिली. झाले मी! सकाळी मला पाणी विचारणारे तेच वकील अंगावर धावून आल्यासारखे — "तेव्हा खोटी सही केलीत, मग आज खरं बोलता कशावरून?" कठडा धरला. तोंडातून निघून गेलं — "मापाची वही आहे, साहेब. त्या वेळी मंजुळाबाई माझ्या दुकानात होती."

मागे कुणीतरी हुंदका दिला. मॅडम म्हणाल्या, एकवीसला वही घेऊन या.

१९ नोव्हेंबर
सकाळी दुकानाची पायरी जागेवर नव्हती. बायका स्टुलावर पाय ठेवून चढल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ
ज्योत्स्नाताईंना विचारलं, एकच पान काढून दिलं तर? नाही. पुढची-मागची पानं जिथल्या तिथं हवीत. अख्खी वही जमा होणार. म्हणजे ही पानंसुद्धा. सही, कात्री, माझा घाबरटपणा, सगळं. चिकटवून टाकायला खळ शिजवली होती. नाही चिकटवली.

मॅडम, वही उलटी करून वाचा.