बाबांचे बारा टोमणे

३ जून
अखेर स्वतःची खोली! तिसरा मजला, एक खिडकी, एक टेबल आणि दार आतून लावायची मुभा. घरमालकीणबाईंनी तीनदा बजावलं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. ठोकतंय कोण! मला इथे बसून एकटीने एक गेम बनवायचाय, तोच माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. टेबलावर लॅपटॉप, माइक आणि चहाचा कप मावतो. आणखी काय पाहिजे?

११ जून
सकाळी आठला बाबांचा फोन, न चुकता. आजचा प्रसाद: खेळ करून कुणाचं पोट भरलंय? मग आत्याची मुलगी कशी बँकेत लागली, ते सगळं पुराण. जिभेला हाड नसतं म्हणतात. बाबांच्या जिभेला काटे आहेत. आई म्हणाली, मनावर घेऊ नकोस. तिचं हेही मी बावीस वर्षं ऐकतेय.

१९ जून
सुचलं! गेममधला राक्षस म्हणजे बाबाच. आठवडाभर त्यांचे फोन गुपचूप रेकॉर्ड केले, निवडक बारा टोमणे निघाले. लांबलचक व्हरांड्यात राक्षस टोमणे मारत मागे येतो. खेळणाऱ्याने मारलेला दगड नेमका लागला की एक टोमणा कायमचा पुसला जातो, आणि तोही सगळ्यांच्याच गेममधून. बाराही गेले की राक्षस मुका, खेळ जिंकला. प्रकल्पाचे सर जाम खूश. आवाज कुणाचा, विचारत होते. म्हटलं, घरचाच आहे. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर तेरावा मिळाला असता.

२ ऑगस्ट
गेम वर्गात वाटला. संध्याकाळपर्यंत दोन टोमणे साफ. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

५ ऑगस्ट
बाबा आज फोनवर 'खेळ करून' एवढंच म्हणाले आणि अडकले. पुढचं आठवेना. मी हसले.

१४ ऑगस्ट
सात गेले. आई सांगत होती, पाणी हवं असलं तर बाबा पेल्याकडे बोट दाखवतात. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मी यादी समोर ठेवून फोन केला. पुसलेल्या टोमण्यांतला एकही शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. पोट, मुलगी, घर, कधी. एवढे शब्द गेल्यावर माणसाने बोलायचं तरी काय?

१६ ऑगस्ट
गेमचा सर्व्हर बंद केला. तरी उरलेल्या टोमण्यांचा आकडा उतरतोच आहे. मुलांनी गेम कुणाकुणाला पाठवलाय, देव जाणे. सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, थोडी विश्रांती घे.

१८ ऑगस्ट
बाराही गेले. आठला फोन आला. नुसता श्वास. बाबा, बोला ना! कार्टी म्हणा, दिवटी म्हणा, काहीही म्हणा. मीच केलं हे — माझ्या हातांनी —

१९ ऑगस्ट
एकच मार्ग दिसतो. बाबांचा आवाज काढून माझा घातला. माझी बारा वाक्यं. राक्षस मी झाले, की बाबा सुटतील. सर्व्हर चालू केला, सगळ्यांना नवा गेम पाठवला. आकडा परत बारा.

२० ऑगस्ट
पाच गेली. आईचा फोन: बाबांनी तोंडाने पाणी मागितलं! मी ढसाढसा रडले. आईला काहीतरी सांगायचं होतं, पण ते — त्याला काय म्हणतात —

२१ ऑगस्ट
दहा. लिहितानाही — सापडत नाहीत. सरांनी निरोप पाठवला, नव्या राक्षसाचा आवाज केविलवाणा आहे, पोरं तुटून पडलीत.

२२ ऑगस्ट
एकच उरलं. आठला बाबा. आवाज खणखणीत! म्हणाले, खेळ करून कुणाचं पोट भरलंय? मी — तोंड उघडलं — काही नाही. म्हणाले, मिठाची गुळणी धरलीस का? बोल की. मी फोन घट्ट — ते म्हणाले, एवढा माज? ठीक आहे, आजपासून मी फोन करणार नाही.

बाबा, ठेवू — माज नाही हो — मी तुमची