हक्कसोडीवरची सही

३ फेब्रु.
आज मी नाही म्हणाले! आबा जाऊन दोन महिने होत नाहीत तर गजू धामणगावहून कागद घेऊन हजर. बहिणीनं बापाच्या वावरावरचा हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी द्यायची. मोरपंखी होती, जीव अडकला जरा. परत केली. चार एकरांतला माझा हिस्सा हवाय मला.

५ फेब्रु.
गजूचा फोन. "ताई, हे तू नाही बोलून राह्यली वं. थे गोळी बोलून राह्यली."
माझा हात थरथरतो त्यावरची गोळी, चार महिने चालू. तिनं माणसं भलतेच निर्णय घेतात, असं मोबाइलवर वाचलं म्हणे. खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र...

८ फेब्रु.
डॉ.कडे. गजू सोबत. डॉ. म्हणाले, खरं आहे, या गोळीनं काहींचं धाडस वाढतं. निर्णय घेताना मेंदूत जे रसायन लागतं, तेच ही वाढवते. विचारलं, मग माझं 'नाही' हे गोळीचं की माझं? तसं वेगळं काढून दाखवता येत नाही म्हणे. डोस निम्मा करून बघू.
गजू खूश. भडकले मी. साठ वर्षं सगळ्यांना हो म्हणत आले, तेव्हा कोणती गोळी चालू होती? तेव्हा नाही कोणी दवाखान्यात आणलं!
डॉ. लिहीत राहिले.

१२ फेब्रु.
निम्मा डोस. भाकरी थापता येईना. सकाळी वाटलं, जाऊ दे, देऊन टाकावं. गजूला कडेवर वाढवलंय, त्याच्यापायी शाळा सुटली माझी. जीव आहे त्याच्यावर. मग एकदम घाबरले. खरंच गोळीच होती की काय?
लेकीला फोन केला. उज्ज्वला म्हणाली, "थकली तू आई. थकलं की कोणीबी हो म्हणते."

१५ फेब्रु.
गजू पुन्हा, कागदासकट. "आलं न डोकं ठिकाणावर?"
'बरं' ओठावर आलं होतं. गिळलं. नाही म्हणाले. आवाज चिरका निघाला, हात थांबेना.
"आता तं गोळीबी अर्धीच हाये. मंग काऊन?"
"मले पाह्यजे म्हणून."
चहा न घेता गेला. रविवारी येतो म्हणाला.
हात फार छळतोय. उद्यापासून गोळी पूर्ण घ्या, असं डॉ.नी फोनवर सांगितलं. घेणार. गजू काय म्हणेल ते म्हणो. रविवारी तोंडातून काय निघेल, माहीत नाही. जे निघेल ते माझं धरायचं, एवढं ठरवलंय.