लाल दोऱ्याचा पाइप

६ फेब्रुवारी १९७९, माधवनगर
आकारामभाऊजींनी आज आमच्या गॅरेजातली ती परदेशी गाडी पुन्हा हातात घेतली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच! गिरणीच्या शेठच्या मुलाने बोटीने आणलेली. इंजिनात टर्बो म्हणून काहीतरी आहे, त्याच्याभोवती हवा ओढणाऱ्या बारीक रबरी पाइपांचं जाळं. इंजिन उघडून बसले होते आणि ह्यांच्या छातीत कळ आली — संपलंच.

पण सोडलेल्या प्रत्येक पाइपला आणि तो जिथे बसतो त्या तोटीला एकाच रंगाचा दोरा बांधून ठेवलाय. गिरणीतलं टाकाऊ सूत, जोडीगणिक रंग वेगळा. गाठ ह्यांचीच, दोनदा पीळ दिलेली. भाऊजी म्हणाले, "दादा सांगतुया आन् मी लावतुया, वैनी." मी उठून आत आले.

९ फेब्रुवारी
गाडी सुरू झाली. आणि शिट्टी वाजली!

बारीक, दातांतून सोडल्यासारखी. वर चढायची, मग एकदम खाली. काम करताना हे अगदी अशीच घालायचे. माझ्या हातून परात पडली. आत्याबाई — ह्यांच्या आई — दारात येऊन उभ्या राहिल्या.

भाऊजींनी वाकून पाहिलं. लाल दोऱ्याचा पाइप निसटला होता. "हवा वडतंय तितनं. भूतबित न्हाई." घट्ट बसवला, शिट्टी बंद. मेली लगेच बंद कशाला झाली!

१० फेब्रुवारी
पुन्हा शिट्टी. पुन्हा तोच पाइप.

१२ फेब्रुवारी
भाऊजींनी काल क्लिप आवळली होती. आज क्लिप सैल, पाइप बाहेर. शेजारच्या सुलाबाई म्हणतात, "नाथाजीचा जीव अडाकलाय त्यात. औंधच्या यमाईला नारळ बोल." मला असल्या बोलण्याचा संताप येतो. आज जास्तच आला, कारण मलाही खरं वाटायला लागलंय.

परवा शेठचा मुलगा गाडी न्यायला येणार. ती अशी शिट्टी घालत गेली तर गॅरेजचं नाव बुडेल. आणि शिट्टी थांबली तर ह्यांचं उरलंसुरलंही जाईल. इकडे आड, तिकडे विहीर.

आत्याबाई जेवत नाहीत. जतकडे मेंढरांमागे वाढलेली, एका जागी न बसणारी बाई — हल्ली नुसती शेळीजवळ बसून असते.

१३ फेब्रुवारी
दुपारी भाऊजी जेवत होते. त्यांचा पाण्याचा तांब्या आणायला मी गॅरेजात गेले, तर आत्याबाई इंजिनावर वाकलेल्या. हातात लाल दोऱ्याचा पाइप!

"आवं, काय करताय ह्ये?"

दचकल्यासुद्धा नाहीत. "लावंल की आकाराम परत. तवर आयकू दे मला."

भांडायला तोंड उघडलं होतं मी. त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडीला टेकून दोघी रडलो. मग त्याच म्हणाल्या, "तूच बशीव आता. घट्ट बशीव." बसवला. दोरा सोडायचा धीर झाला नाही, तसाच राहू दिला.

१४ फेब्रुवारी
गाडी गेली. जराही आवाज नाही. शेठचा मुलगा खूश. भाऊजींनी पेढे आणले, ते तसेच पडून आहेत. घर खायला उठलंय.

१५ फेब्रुवारी
सकाळी परड्यातून शिट्टी! तीच — वर चढून एकदम खाली. हातातलं टाकून धावले.

शेळी सुटली होती आणि आत्याबाई तिला बोलावत होत्या. लग्न होऊन इकडे आल्यावर, बाईमाणसाने शिट्टी घालू नये म्हणून त्यांनी सोडून दिली होती म्हणे. मला बघून पदर सावरला.

"नाथाला मीच शिकिवली व्हती. ये, तुलाबी दावते."