मोकळी ट्रॉली

मळ्यातून, ता. चांदवड
८ डिसेंबर १९९६

चि. धनराज यास आजीचे आशीर्वाद, नातसून उज्वलाला थोडे जास्त. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारचा केरू वाचून दाखवतो म्हणत होता. मी म्हटलं, दुसरी पास आहे मी, तू आपल्या शेळ्या बघ. वाचायला दोन दिवस लागले, ते वेगळं.

तर ग्रिलच्या दुकानातलं काम सोडलंस, जुनी राजदूत घेतलीस आणि आता तिच्यामागं घरी बनवलेली ट्रॉली जोडून भाजी वाहणार. मुडद्या, मोटारसायकलवर लोक बसतात, तू तिला बैल करायला निघालास. पण तुझ्या आजोबालाही काही सांगितलं की मान हलवायचा आणि उलटं करायचा, म्हणून तुला सांगत नाही. आपल्या बैलगाडीच्या फळ्या मागितल्यास, त्या ने. बैल गेल्यापासून गाडीत कोंबड्या अंडी घालतात, त्यांना दुसरी जागा बघू दे.

एवढं मात्र ऐक. चाकं स्कूटरची लाव नाहीतर विमानाची, ओझं बैलगाडीसारखंच ठेवायचं. आखाच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, जरा पुढं. मागं जास्त झालं की गाडी उलार होते, पुढचं वर उचलतं. बैलाच्या गळ्याला फास बसायचा, तुझ्या गाडीचं मागचं चाक रस्ता सोडेल. मागच्या कडेला पाय सोडून बसणाऱ्या माणसाला आजोबा आधी शिवी द्यायचा, मग राम राम करायचा.

माझा डावा डोळा आहे तसाच आहे, धुकट. ऑपरेशनला नाशकाला ये म्हणून परत लिहू नकोस.

लोभ ठेव आणि ब्रेक ठेव.

भागीबाई


पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी १९९७

ती. आजीस धनराजचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

ट्रॉली झाली. खाली लोखंडी अँगलची चौकट, स्कूटरची दोन चाकं, वर तुझ्या फळ्या. बाभळीच्या आहेत हे तू सांगितलं नाहीस, दोन ड्रिल मोडली. राजदूतला जोडायला जाड पिन केली, ट्रॅक्टरला असते तशी. पहिल्या दिवशी कोबीच्या गोण्या भरल्या आणि पंचवटीच्या बोळात ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली. एका रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यात तूही आलीस. मग तुझं बोलणं आठवलं. दोन गोण्या पुढं सरकवल्या आणि गाडी अशी सरळ झाली की मलाच हसू आलं.

आता घर यावरच आहे. दुकानात परत घेणार नाहीत, मालकाला मी काय बोलून आलो ते तुला सांगत नाही. उज्वला म्हणते, आजींना यात बसवून आणा. मी म्हटलं, ती वरातीतसुद्धा चालत जाते.

डोळ्याचा विचार कर. माया आहेच, शिव्याही पाठव.

तुझा
धनराज


पंचवटी, नाशिक
२४ फेब्रुवारी १९९७

ती. आजीस सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी एक वेगळी खेप केली. दवाखान्याच्या फाटकाशी भाजी उतरवत होतो, तेव्हा एक बाई आली. नाव कुसाबाई, पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा पुंजा द्राक्षाच्या बागेत हंगामाला आला होता. तापाने त्या दिवशी सकाळी गेला. त्याला डोंगरात न्यायला कुणी गाडी देईना. मी हो म्हटलं.

चादरीत गुंडाळून त्याला तुझ्या फळ्यांवर ठेवलं. कुसाबाई उशाशी बसली, दीर माझ्यामागं. वाटभर ती एकच बोलत होती की हा हंगाम पुरा केल्याशिवाय कधी डोंगर चढला नाही, आज पहिल्यांदा काम अर्ध्यावर टाकून निघालाय. रडत नव्हती. त्याची कुणापुढं तरी बाजू मांडावी तसं बोलत होती.

त्यांच्यात पुरतात, दुपारी सगळं आटोपलं. निघताना तिने भाताच्या पेंढ्याची एक पेंढी आणली आणि ट्रॉलीत टाकू लागली. मोकळा जाऊ नको दादा, म्हणाली. मला वाटलं, खेपेच्या बदल्यात देते आहे. अशा घरातून काय घ्यायचं? हात जोडले, नको म्हटलं. ती वळणापर्यंत पेंढी घेऊन मागं आली. मी किक मारून निघालो. आरशात बघितलं तर ती हात जोडून उभी होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. ट्रॉलीच्या मागच्या कडेकडं बघत होती.

तेव्हापासून ट्रॉली बिघडली आहे. भरलेली असते तेव्हा ठीक. मोकळी असली की उलार होते. राजदूतचं मागचं चाक हलकं पडतं, घसरतं. घाटात तीनदा उतरून बघितलं, ट्रॉलीत काही नाही. पिन बदलली, स्प्रिंग बदलली. काय चुकलं असेल? गाडीचं तुला जास्त कळतं.

तुझा
धनराज


मळ्यातून
२८ फेब्रुवारी १९९७

चि. धनराज यास. आशीर्वाद नेहमीचे समजून घे.

तुला मुडद्या म्हणायची सवय आहे. आज लिहिलं होतं ते खोडलं.

पिन बदलू नकोस, पिनेत काही नाही. ज्या गाडीतून माणूस मसणात गेला ती गाडी मोकळी परत आणत नाहीत. कडब्याची पेंढी, शेळी, पोर, काही का असेना, त्याच्या जागेवर ठेवतात. जागा भरलेली दिसली की गेलेला आपल्या वाटेने जातो. मोकळी दिसली की येऊन बसतो. आजोबाने या फळ्यांवरून लय माणसं पोचवली. दर वेळी येताना गाडीत पेंढी असायची. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं बैलासाठी आणली. बैलाने तिला कधी तोंड लावलं नाही.

ती बाई वळणापर्यंत मागं आली, आणि तू हात जोडून मोठा झालास. गरिबाचं घेऊ नये हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. वर आरशात बघितलंस. मसणातून निघाल्यावर मागं बघत नाहीत हे तुला पोरपणापासून ठाऊक आहे. आरसा त्यात धरत नाहीत असं वाटलं का?

आता पेंढी टाकून उपयोग नाही. जागेवर माणूस बसला आहे, मागच्या कडेला पाय सोडून. मोकळी ट्रॉली उतारावर नेऊ नकोस. पुढच्या अंगाला वाळूची गोणी टाकून हिंड. मी विचार करते.

जपून राहा, एवढाच लोभ.

भागीबाई


पंचवटी, नाशिक
११ मार्च १९९७

ती. आजींना उज्वलाचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते. तुमचं पत्र वाचून हे हसले. म्हातारीला मळ्यात एकटीला करमत नाही, म्हणाले. गोणी टाकली नाही. रविवारी उतारावर मोकळ्या ट्रॉलीने गाडीचं मागचं चाक उचललं आणि हे रस्त्यात पडले. मागून ट्रक येत होता. त्याने वळवला म्हणून मी तुम्हाला कुंकू लावून पत्र लिहिते आहे. खांदा सुजलाय, हाड शाबूत आहे. आता हसत नाहीत. खांद्याची सूज उतरली की परत निघणार म्हणतात, कारण घरात दुसरं काही येत नाही. ट्रॉली विकून टाका म्हटलं असतं, पण ज्याला विकू त्याच्याही घरी माझ्यासारखी कुणी असेल.

दुसरं म्हणजे, आमच्या गल्लीत धूळ फार. ट्रॉली आली की चाकांच्या दोन रेघा उमटतात. त्यांच्यामध्ये आणखी दोन बारीक रेघा असतात, पायाचे अंगठे टेकत यावेत तशा. मी रोज झाडते, रोज असतात. दारापाशी येऊन थांबतात. सकाळी ट्रॉलीवर सगळीकडं धूळ असते, फक्त मागच्या कडेची हातभर फळी पुसल्यासारखी स्वच्छ. कामावर न्यायला कुणी येईल म्हणून माणूस तयार होऊन बसावा, तसं वाटतं.

मला त्याची भीती वाटत नाही, आजी. पुढच्या उताराची वाटते. काय करू ते कळवा. माया असू द्यावी.

तुमची
उज्वला


मळ्यातून
१५ मार्च १९९७

चि. सौ. उज्वलाला आशीर्वाद. तुझं अक्षर चांगलं आहे, एका दिवसात वाचलं.

झाडणं बंद कर. धनराजला सांग, म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाली, ट्रॉली घेऊन न्यायला या. माझ्यासाठी गोणी टाकायला लाव, आजीला फळी टोचेल म्हण. भुतासाठी तो वाळू भरायचा नाही, आजीसाठी भरेल. आरसे काढून ठेव, पुसायला काढले म्हण. शिवेवर मी उभी असेन.

घाबरू नकोस. तो हंगामाचा माणूस आहे, त्याला काम पाहिजे. काम माझ्याकडं पडलंय.

भागीबाई


पंचवटी, नाशिक
३० मार्च १९९७

ती. आजीस साष्टांग नमस्कार, फसवल्या गेलेल्या नातवाचा. वि. वि.

शिवेवर काठी घेऊन उभी होतीस. मला गाडीवरून उतरवलंस, ओढ्यापर्यंत चालत जा म्हणालीस, मागं बघायचं नाही. मी गेलो. मागं तू कुणाला तरी काम समजावत होतीस. बांध किती हात उंच घालायचा, दगड कुठून आणायचे, भाकरी कधी मिळेल. मध्येच एक शिवी हासडलीस, ती मागच्या कडेला बसण्यावरून होती. मग म्हणालीस की माझ्या नातवाकडं तुला पुरेल एवढं काम नाही, उतर. मला हाक मारलीस, ट्रॉलीत कडब्याची पेंढी टाकलीस, आणि ऑपरेशनचं विचारलं तर डोळा बरा आहे म्हणालीस.

परत येताना वाळू वाटेतच ओतून टाकली. पेंढीशिवाय ट्रॉलीत काही नव्हतं, तरी सगळे उतार पाण्यासारखे उतरलो. सकाळी उज्वलाने दार उघडलं तर धुळीत दोनच रेघा होत्या. ती तिथंच पायरीवर बसली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी भांडली.

आजी, एकच विचारतो. तो आता कुठं आहे?

तुझा
धनराज


मळ्यातून
२६ एप्रिल १९९७

चि. धनराज व चि. सौ. उज्वला यांस आशीर्वाद, दोघांना सारखे. वि. वि.

विचारलंस त्याचं उत्तर उशिरा देते. आधी काम बघायचं होतं.

ओढ्याकाठचा आपला बांध तीन पावसाळे पडून होता. तू गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळी बघते तर हातभर उभा. दगड असे बसवलेले की मध्ये सुरी जायची नाही. रोज दुपारी भाकरी ठेवते. मुंग्या खातात, तरी ठेवायची. कामाला लावलेल्या माणसाला उपाशी ठेवलं असं कुणी म्हणायला नको. केरू विचारत होता, भागीबाई, कोण माणूस लावलास? मी म्हटलं, पेठकडचा आहे, बोलत नाही, विडी मागत नाही. असाच एक मलाही बघून दे, म्हणाला. मी म्हटलं, नको रे बाबा, तुझी शेतं फार.

आता ऑपरेशन का नको ते सांगते. चांगल्या डोळ्याने बांधावर काही दिसत नाही. तो झाकला आणि धुकट डोळ्याने बघितलं की वाकलेली पाठ दिसते. लय निवांत काम करतो.

बांध परवा पुरा झाला. वाटलं होतं आता आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, बसून राहील. आखाजीला हंगाम संपतो, मग तू येऊन त्याला पाड्यावर पोचव. पण बसणारा माणूस नव्हे. काल त्याने आपण होऊन नवीन काम धरलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, आजोबाला जाळलं तिथं, दगडाचा ओटा घालतोय. आपल्यात जाळतात हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. आज जाऊन काठीने मापला. माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत, वर वीतभर जास्त. सपाट बसवलाय, पावसाचं पाणी साचायचं नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की घाई करू नको, आखाजीचा आंब्याचा रस खाऊ दे.

तेव्हा आखाजीला दोघं या, ट्रॉली घेऊन. आधी पुंजाला सोड. कुसाबाई देईल ते दोन्ही हातांनी घे, आणि विसरलीच तर इथून नेलेली पेंढी टाक. माझं त्यानंतर. मळ्यापासून ओट्यापर्यंत याच फळ्यांवरून ने, चार माणसांचे खांदे कशाला दुखवायचे. ओझं आखाच्या जरा पुढं.

गोठ्याच्या माळ्यावर दोन पेंढ्या बांधून ठेवल्या आहेत. एक त्याच्या खेपेची, एक माझ्या. आरसे काढून ये. मला परत यायची हौस नाही, नाशकात मला पहिल्यापासून करमत नाही. पण तू आपला बघू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवू नकोस.

भागीबाई