नानांची बाटली आणि तुमचं फोर-स्ट्रोक

ती. दादा,

तुम्हाला नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरातले सगळे निर्णय तोच घेतो असं तुमच्या बहिणीकडून कळतं. इकडे आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे कितपत, ते पुढे येईलच, तोवर वहिनींना काही सांगू नका.)

तुम्ही आमचं जुनं टू-स्ट्रोक ग्रास कटर ‘अडगळ कमी होईल’ म्हणत घेऊन गेलात आणि बदल्यात हे नवं फोर-स्ट्रोक पाठवलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. यंत्र गुणी आहे. जुन्याची दोरी ओढली की अख्ख्या गल्लीला आमच्या कामसूपणाची खबर जायची, धुराने वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे आणि वर त्याला पेट्रोलमध्ये ऑइल कालवून पाजायला लागायचं. नव्याचं ऑइल त्याच्या स्वतःच्या पोटात वेगळं. आपण नुसतं पेट्रोल ओतायचं. धूर नाही, बोलणं खालच्या पट्टीत. खांद्याला जरा जड लागतं, पण सद्गुणी मंडळींचं तसंच असतं. पहिल्या दिवशी ते घेऊन मी मागच्या अंगणात उतरलो आणि त्या गुणगुणण्यात अशी तंद्री लागली, की गवत, ऊन, माझे बूट, सगळं संथ पाण्याखाली गेल्यासारखं वाटायला लागलं. मी चालत नव्हतो, तरंगत होतो. भानावर आलो तेव्हा गवत कुंपणापर्यंत सुरेख कापलेलं होतं, आणि तुमच्या बहिणीची गुलाबाची कलमंही. (जुन्याने हे होऊ दिलं नसतं. ते चालू असताना डुलकी लागणं म्हणजे भांडणाच्या मधोमध झोप लागण्यासारखं होतं.)

कलमांवरून जे बोलणं झालं ते लिहीत नाही, तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. मुद्दा वेगळाच आहे. तुमचे वडील, म्हणजे माझे सासरे, म्हणजे नाना, यांना आमच्या घरात एकच नेमलेलं काम होतं: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं. जन्मभर पाण्याच्या टाकीच्या आवारातलं गवत त्यांनीच कापलेलं, त्यामुळे हा मान त्यांचाच. दुपार कलली की ते मागच्या पायरीवर बसत, बाटलीत ऑइलची धार सोडत, आणि ते निळं ऑइल पेट्रोलमधून इतकं सावकाश खाली उतरे की बघणाऱ्याला आपण कशासाठी उठलो होतो ते आठवेनासं होई. मग बाटली हलवायची, उन्हात धरायची, पुन्हा हलवायची. मी शेजारी बसून बघत असे. तेवढ्यात ते टाकीच्या आवारातल्या गोष्टी सांगत. मोर, सापाची कात, भिंतीवरून उडी मारून पळालेला साहेब. गवत कापणं हे नंतरचं किरकोळ काम.

नवं यंत्र आलं आणि नानांचं काम गेलं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नानांनी तक्रार केली नाही. ते आपले पायरीवर बसून मिसळतच राहिले, आणि मीही शेजारी बसून बघत राहिलो. (मला वाटलं, सवय आहे, हलवू दे. ती बाटली पुढे कुठे रिकामी होते, हे विचारायचं मला सुचलं नाही.) ती नव्या यंत्राच्या टाकीत जात होती, आणि तीही सढळ हाताने मिसळलेली. तुमचं गुणी यंत्र निळसर धूर सोडायला लागलं, खोकायला लागलं, आणि एका दुपारी त्या धुक्यात मला उभं करून गप्प झालं.

मिस्त्रीने प्लग काढला, काळाकुट्ट. तो वास घेऊन म्हणाला, “पेट्रोलमध्ये ऑइल कुठल्या शहाण्याने घातलं?” शहाणा मागे चहाचा कप घेऊन उभा होता.

संध्याकाळी नानांनी बॅग काढली. आपल्या घरी जातो म्हणाले. त्या बंद घरी, एकटे, जिथे गेल्या खेपेला बाथरूममध्ये पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले होते. ते टॉवेल बॅगेत ठेवत, तुमची बहीण तो काढून घडी घालून कपाटात ठेवी. ते पुन्हा काढत. दोघांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. शेवटी मी त्यांना पायरीवर घेऊन गेलो आणि म्हटलं, नाना, चूक कुणाचीही होते, नव्या यंत्राचं तुम्हाला कुठून माहीत असणार?

“न कळायला काय झालं,” नाना म्हणाले. “यंत्राच्या टाकीच्या झाकणाशी लिहिलंय, तेल घालू नका म्हणून. वाचता येतं मला.”

मग का घालत होतात, असं विचारलं.

“बाटली हलवायला घेतली की तुम्ही येऊन बसता, जावईबापू. एरवी कुठे बसता?”

दादा, अंधार पडेपर्यंत मी त्या पायरीवरून उठलो नाही. बॅग अजून खुर्चीवरच आहे, अर्धी भरलेली.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक देत चला.

तुमचा,
मेहुणा

ता. क. – जुनं टू-स्ट्रोक लगेच परत पाठवा. तुमचं गुणी यंत्र मिस्त्रीकडून साफ करून घेतलंय, घेऊन जा. नानांना सांगा, की तुम्हाला मिश्रण जमेना म्हणून परत करताय. तुम्हाला ते जमत नाहीच, तेव्हा खोटं बोलल्यासारखंही होणार नाही.

ता. क. २ – नानांनी पाठीमागून हे पत्र वाचलं. ते म्हणतात, यंत्र पाठवू नका. यंत्राशिवाय जावई शेजारी बसतो का, ते त्यांना बघायचंय. तोवर जात नाही म्हणाले.

ता. क. ३ – (हे नाना आत गेल्यावर लिहितोय.) तरीही पाठवा. मला माझा भरवसा नाही.