तिसऱ्या खुर्चीचा उन्हाळा

२ जानेवारी, मंगळवार

दोनच! पोहण्याच्या तलावाला उंच खुर्च्या तीन, जानेवारी म्हणजे आमचा भर उन्हाळा, आणि जीवरक्षक दोन – मी आणि लाउतारो. सकाळीच ब्रिसुएलाला फोन लावला. म्युनिसिपालिटीच्या क्रीडा खात्याचा साहेब तो, गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. म्हणाला, तिसरा माणूस सहा तारखेच्या, तीन राजांच्या सणानंतर नक्की. कुठल्या सालच्या, ते विचारायचं राहिलं.

खोल बाजूची खुर्ची लाउतारोला दिली. चोवीस वर्षांचा आहे, पाण्यात पडतो तो माशासारखा. मधली माझी. उथळ बाजूची, म्हणजे पोरांची, रिकामी. तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

उन्हाळी शिबिराच्या दोन बसेस आल्या, साठ पोरं. डॉक्टरने बुरशी नाही ना म्हणून एकेकाच्या पायाची बोटं फाकवून पाहिली, मनगटावर शिक्का मारला, की ते पोर सुटलंच. मी दिवसभर शिट्टी फुंकली. संध्याकाळी मान अशी आखडली की शेजारणीशी बोलताना अख्खं अंग वळवावं लागलं. लाउतारो म्हणाला, "म्हातारे, तुला आता घुबडाची मान बसवून घ्यायला हवी." छत्तीस उन्हाळे या खुर्चीत काढले मी. हा तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि मला म्हातारी म्हणतो! पण पोरगा गुणी आहे. माझ्या थर्मासमध्ये गरम पाणी तोच भरून आणतो, आणि येर्बाच्या पानांचा काढाही मला हवा तसा कडूजहर करतो.

३ जानेवारी, बुधवार

आज एक नवीन पाहुणी. लुदमिला, वय वर्षं पाच, नारिंगी टोपी. आजीबरोबर येते. आजी झाडाखाली विणत बसते, आणि ही पाण्यात जात नाही म्हणजे नाही. माझ्या खुर्चीच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. म्हटलं, "काय गं, पोहायचं नाही?"

"नाही. मी बघणार."

बघ बाई. मग तिला कामाला लावलं. त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत नजर फिरवायची, दहा मोजेपर्यंत. प्रत्येक डोकं दिसलं पाहिजे. एखादं डोकं पाण्यात गेलं, तर ते वर आलेलं बघूनच पुढे जायचं. तिला सांगितलं, बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही, गप्प होतं. म्हणून गप्प मुलाकडे जास्त बघायचं. तिने मान डोलावली. मोजताना सहानंतर थेट आठ म्हणते. सात तिच्या गावीच नाही.

जाताना अर्धं पीच दिलं. अर्धं स्वतः खाल्लेलं.

५ जानेवारी, शुक्रवार

अडतीस डिग्री. सगळं गाव पाण्यात. लुदीने परत अर्धं पीच आणलं.

६ जानेवारी, शनिवार

राजांचा सण. काल निघताना चपला सापडेनात म्हणून अनवाणीच सायकल मारत घरी आले. आज सकाळी बघते तर खुर्चीखाली नीट जोडीने ठेवलेल्या, दोन्ही गवताने गच्च भरलेल्या. शेजारी वाटीभर पाणी. रात्री भेटी घेऊन येणाऱ्या राजांच्या उंटांची सोय! पोरं आपापल्या बुटांत गवत भरतात ती खेळण्यांसाठी. हिने माझ्या चपलांत भरलं.

"मी राजांना चिठ्ठी लिहिलीय," लुदी म्हणाली. "आजीने लिहिली, मी सांगितली. मिर्ताला तिसरा माणूस आणा."

मला हसू आलं, आणि मग एकदम डोळे भरून आले. बरं झालं काळा चष्मा होता. राजांनी चपलांत काहीच ठेवलं नव्हतं. त्यांनी ते काम ब्रिसुएलाच्या खात्याकडे पाठवलं असावं.

८ जानेवारी, सोमवार

तिसरा नाही. पुढच्या आठवड्यात, म्हणे.

दुपारी एक पोर हरवलं. तीन वर्षांचं, नाक पुसत रडत होतं. खाण्याच्या टपरीवाल्या काचोने त्याला उचलून खांद्यावर बसवलं आणि आईचं लक्ष जावं म्हणून टाळ्या सुरू केल्या. मग आपल्याकडे होतं तेच – सगळा तलाव टाळ्या वाजवायला लागला, एका ठेक्यात. पाण्यातले, गवतावरचे, बायका, म्हातारे, सगळे. काचो पोराला मिरवत निघाला. दोन मिनिटांत आई धावत आली, आणि मग तर कडकडाट. मीही खुर्चीत उभी राहून वाजवल्या. मला आपल्या लोकांची ही रीत फार आवडते. एका अनोळखी पोरासाठी तीनशे माणसं हातातलं सोडून टाळ्या वाजवतात! लुदीने विचारलं, मी हरवले तर माझ्यासाठी पण? म्हटलं, तुझ्यासाठी तर नदीपलीकडच्यांना ऐकू जातील एवढ्या.

११ जानेवारी, गुरुवार

ब्रिसुएलाला लेखी अर्ज दिला. त्याने मला टरबुजाची फोड दिली. गोड होती.

१४ जानेवारी, रविवार

मूल वाचलं. वाचलं. आज लिहिता येत नाही.

१५ जानेवारी, सोमवार

आता खरं काय ते लिहिते. निदान इथे तरी.

काल चारशेच्या वर माणसं होती. चारच्या सुमाराला लाल चड्डीतलं एक पोर हरवलं. काचोने खांद्यावर घेतलं, टाळ्या सुरू. आई काही येईना. काचो अख्खा तलाव फिरला, टाळ्या वाढतच गेल्या. लाउतारो वाजवत होता. मीही. उभी राहून, दोन्ही हातांनी, शिट्टी गळ्यात लोंबत होती. मी त्या लाल चड्डीकडे बघत होते. आई कुठून येते ते बघायला माझी नजर फाटकाकडे गेली. पाण्याकडे नव्हती. पाण्याकडे चारशेतल्या कोणाचीच नव्हती.

खालून कोणीतरी माझा पाय ओढला. लुदी.

"मिर्ता, तो का नाही वाजवत?"

कोण, म्हटलं. तिने बोट दाखवलं. उथळ आणि मधल्या पाण्यामधली दोरी, तिच्याजवळ. सगळ्या पोरांचे हात वर होते टाळ्यांसाठी. एकाचे नव्हते. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेत, केस डोळ्यांवर. गप्प.

उडी कधी मारली ते आठवत नाही. तादेओ नाव त्याचं, वय सात. बाहेर काढला तेव्हा ओठ निळे. तोंडाने श्वास दिला, पाच वेळा – आणि तो ओकला, आणि रडला. एवढं सुंदर रडणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. तेवढ्यात पलीकडे लाल चड्डीची आई सापडली, आणि लोकांनी अजून टाळ्या वाजवल्या. त्यांना इकडचं काही माहीतच नव्हतं.

तादेओ दवाखान्यात आहे. आइस्क्रीम मागतोय, म्हणजे बरा आहे.

रिकाम्या खुर्चीच्या अगदी समोर होता तो. आठ हातांवर.

१७ जानेवारी, बुधवार

रस्त्यात बायका मला मिठ्या मारतायत. बेकरीवालीने सकाळचे गोड पाव तसेच हातात कोंबले. "तुझे डोळे म्हणजे घारीचे!" पाव अजून तसेच टेबलावर पडलेत.

दुपारी ब्रिसुएला गावच्या रेडिओवर होता. मी स्वतः ऐकलं. म्हणाला, लोक उगाच तक्रारी करतात, माणसं कमी आहेत म्हणून. चारशे लोकांत मिर्ताबाईंनी एक मूल नेमकं हेरलं. असा जीवरक्षक असेल तर दोन पुरेत! तिसऱ्या जागेचा विचार आता पुढच्या वर्षी. शनिवारी चौकात माझा सत्कार, पदकासकट.

माझ्याच पदकाने पोरांची खुर्ची रिकामी राहणार. आणि ते पदक खोटं.

लाउतारोला सांगितलं. तो म्हणाला, "मीही वाजवत होतो गं. मला वाटलं, तू बघते आहेस."

मला वाटलं होतं, तो बघतोय.

१९ जानेवारी, शुक्रवार

लुदी आज पायरीवर उभी राहून मोजते. विचारलं, आता पाण्यात जायला जास्त भीती वाटते का? म्हणाली, हो. मग मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकून म्हणाली, "पण आपल्याला काम आहे ना." अर्धं पीच आज देठाकडचं मिळालं.

उद्या काय करायचं ते मला कळलंय.

२० जानेवारी, शनिवार

बोलले.

चौकात बँड, खुर्च्या, अर्धं गाव. ब्रिसुएलाने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कागद नेला होता, तो उघडलाच नाही.

"त्याला मी पाहिलं नाही," मी म्हणाले. "मी टाळ्या वाजवत होते. तुमच्यासारखीच. पाच वर्षांच्या एका मुलीने पाहिलं, आणि तिला अजून दहापर्यंत मोजता येत नाही."

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. मी पुढे सांगितलं, पोरांच्या खुर्चीत माणूस हवा. आणि त्या खुर्च्यांत जो कोणी बसेल त्याने टाळ्या वाजवायच्या नाहीत, मान वळवायची नाही. हरवलेलं पोर खांद्यावर सुखरूप असतं. नजर ठेवायची ती पाण्यातल्यांवर. बाकीच्यांनी खुशाल वाजवा.

पदक काढून लुदीच्या गळ्यात घातलं. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. तादेओची आई पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उठली आणि पोराचा हात धरून निघून गेली.

२२ जानेवारी, सोमवार

चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. कागदावर ब्रिसुएलाची सही, मोठी आणि वळणदार. माझ्या जागी तात्पुरता शेजारच्या गावचा कोणी आणतील. म्हणजे पुन्हा दोनच!

काचो घरी आला होता, रागावून. काय गरज होती, म्हणे. मूल वाचलं, तुझं नाव झालं, साहेब खूश. आता बस घरात माश्या मारत. रागावला तरी येताना माझ्यासाठी मांसाची कचोरी आणली होती, ती बळेबळे खाऊ घालूनच गेला.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा जानेवारीतल्या दुपारी घरात आहे. घरात इतकं शांत असतं हे माहीत नव्हतं. मला ते सहन होत नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

दार वाजलं. तादेओची आई. पोर मागे लपलेलं.

मी म्हटलं, आत या. ती उंबऱ्यातच उभी राहिली. काय काय बोलायचं ते पाठ करून आली असावी, पण ते सगळं विसरली. शेवटी एवढंच म्हणाली, "मीही वाजवत होते. तो माझ्यापासून चार पावलांवर होता, आणि मी दुसऱ्याच्या पोरासाठी टाळ्या वाजवत होते."

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडलो. तादेओने तेवढ्यात माझी सगळी बिस्किटं संपवली. निघताना ती म्हणाली, त्या रविवारी तिथे असलेल्या बायका गोळा करतेय, उद्या सगळ्या मिळून म्युनिसिपालिटीत जाणार. मी म्हटलं, ब्रिसुएला टरबूज देईल. ती म्हणाली, "देऊ दे. आम्ही ऐंशी जणी आहोत. पुरेल का बघू."

३० जानेवारी, मंगळवार

काही बातमी नाही. लाउतारोचा फोन लागत नाही. नदीवर जाऊन आले. सवयीने दहा मोजत बसले. पाण्यात फक्त दोन बदकं होती. दोघंही ठीक.

४ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही. चारच्या सुमाराला तलावाकडे गेले, कुंपणाबाहेर उभी राहिले. तेवढ्यात आत टाळ्या सुरू झाल्या – कोणीतरी हरवलं होतं. माझी नजर आधी खुर्च्यांकडे गेली. तीन! तिन्ही भरलेल्या. म्हणजे त्या ऐंशी जणी नुसतं टरबूज खाऊन परतल्या नव्हत्या. आणि एवढ्या कडकडाटात तिघांतल्या एकानेही मान वळवली नाही. मग काचो दिसला. त्याच्या खांद्यावर नारिंगी टोपी, केस ओले, पाणी निथळतंय. ओले! ती सगळ्यांना ओरडून सांगत होती, "मी नाही हरवले! मिर्ता हरवलीय!"

मी कुंपणाच्या जाळीतून हात वर केला.